माघार घेणारा सेनापती

२५ मे १९४० ची संध्याकाळ. उत्तर फ्रान्समधील प्रेमेस्क या खेड्यात ब्रिटिश मोहीम सैन्याचे सरसेनापती जनरल लॉर्ड गॉर्ट भिंतीवरच्या नकाशासमोर बराच वेळ एकटेच होते. दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे हल्ला चढवायचा, असा फ्रेंच सरसेनापतींचा हुकूम होता. लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाचाही त्याला पाठिंबा होता. या हल्ल्यासाठी राखून ठेवलेल्या दोन डिव्हिजन हीच काय ती गॉर्ट यांच्या हाती उरलेली गंगाजळी होती. सहा वाजून गेल्यावर ते उठले आणि आपले चीफ ऑफ स्टाफ लेफ्टनंट जनरल हेन्री पाउनॉल यांच्याकडे गेले. हल्ला रद्द करा आणि दोन्ही डिव्हिजन उत्तरेला, बेल्जियन सैन्याच्या बाजूला पडत चाललेले खिंडार बुजवायला पाठवा, असे त्यांनी सांगितले. फ्रेंचांना त्यांनी विचारले नव्हते. लंडनलाही विचारले नव्हते.

त्यानंतरच्या दहा दिवसांत डंकर्कच्या किनाऱ्यावरून ३ लाख ३८ हजार २२६ सैनिक समुद्रमार्गे इंग्लंडला पोचले. जगाच्या लष्करी इतिहासात या घटनेवर जेवढी शाई खर्ची पडली आहे तेवढी फार थोड्या विजयांवर पडली असेल. तरीही तो पराभव होता की यश, हा वाद आठ दशके उलटून गेली तरी मिटलेला नाही. इंग्रजांनी त्याला चमत्कार म्हटले, फ्रेंचांपैकी अनेकांनी विश्वासघात म्हटले, तर जर्मनांनी आपल्या विजयाच्या याद्यांत त्याची नोंद केली. गंमत अशी, की ज्या माणसाच्या निर्णयातून हे सारे घडले, त्याचे नाव या वादात सहसा कोणी घेत नाही. चर्चिल सर्वांना ठाऊक आहेत, माँटगोमेरी ठाऊक आहेत. गॉर्ट मात्र विस्मृतीत गेले.

जॉन स्टँडिश सर्टीस प्रेन्डरगास्ट व्हेरेकर हे त्यांचे मूळ नाव. १० जुलै १८८६ रोजी लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. घराणे आयर्लंडमधील सरदारांचे. १९०२ मध्ये वडील वारले आणि हॅरोच्या शाळेत शिकणारा सोळा वर्षांचा हा मुलगा सहावा व्हायकाउंट गॉर्ट झाला. सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयातून बाहेर पडून १९०५ मध्ये ते ग्रेनेडियर गार्ड्स या पलटणीत दाखल झाले. सरदारपुत्रांची पलटण म्हणून तिची ख्याती. परंतु गॉर्ट यांचा स्वभाव त्या ऐषारामी वातावरणात न बसणारा होता. साधे खाणे, थंड पाण्याची अंघोळ, कडक व्यायाम आणि लष्कराखेरीज दुसरा विषय नाही, अशी त्यांची राहणी. सहकारी त्यांना ‘टायगर’ म्हणत. १९११ मध्ये त्यांनी नात्यातल्याच कोरिना व्हेरेकर यांच्याशी विवाह केला. तो टिकला नाही. १९२५ मध्ये घटस्फोट झाला आणि उरलेले आयुष्य त्यांनी एकट्याने काढले.

पहिल्या महायुद्धात या माणसाचे धैर्य दंतकथेसारखे पसरले. मिलिटरी क्रॉस मिळाला, डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा सन्मान एकदा नव्हे, तीनदा मिळाला. २७ सप्टेंबर १९१८ रोजी फ्लेस्क्येरजवळ कनाल द्यु नोर ओलांडताना ते ग्रेनेडियर गार्ड्सच्या पहिल्या बटालियनचे नेतृत्व करीत होते. समोरून तोफा आणि मशिनगनचा भयंकर मारा चालू होता. जखमी होऊनही ते उघड्या मैदानातून चालत एका रणगाड्यापर्यंत गेले आणि त्याला वाट दाखवून आणले. पुन्हा गंभीर जखम झाली. काही काळ स्ट्रेचरवर पडून राहिल्यावर ते उठले आणि लक्ष्य हाती येईपर्यंत हल्ल्याची सूत्रे त्यांनी सोडली नाहीत. दोनशेहून अधिक कैदी त्या दिवशी हाती लागले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. हे सगळे तपशील येथे मुद्दाम दिले आहेत. कारण पुढे ज्या माणसाने पळ काढल्याचा ठपका सोसला, त्याला मरणाची भीती होती असे त्याच्या शत्रूलाही म्हणता आले नसते.

दोन युद्धांमधला काळ त्यांनी प्रशिक्षणात आणि कचेऱ्यांत घालवला. १९२७ मध्ये शांघायला गेलेल्या ब्रिटिश फौजेबरोबर ते होते. १९३२ मध्ये हिंदुस्थानच्या सैन्यातील लष्करी प्रशिक्षणाचे संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि पुढची चार वर्षे ते या देशात होते. १९३६ मध्ये ते कँबर्लीच्या स्टाफ कॉलेजचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी युद्धमंत्री लेस्ली होअर-बेलिशा यांनी जुन्या, थकलेल्या सेनाधिकाऱ्यांना बाजूला सारण्याचे ठरवले, तेव्हा त्यांची नजर या विक्रमवीर योद्ध्यावर पडली. डिसेंबर १९३७ मध्ये वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी गॉर्ट ब्रिटिश लष्कराचे सर्वोच्च अधिकारी, म्हणजे इम्पीरियल जनरल स्टाफचे प्रमुख झाले. अनेक ज्येष्ठांना डावलून ही नेमणूक झाली होती आणि ज्येष्ठांनी ती कधी विसरली नाही.

मंत्री आणि सेनाप्रमुख यांचे मात्र लवकरच बिनसले. होअर-बेलिशा प्रसिद्धीच्या झोतात रमणारे, तर गॉर्ट अबोल. एक खोलीत आला की दुसऱ्याने बाहेर पडावे, अशी अवस्था झाली. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटल्यावर गॉर्ट यांना फ्रान्समध्ये जाणाऱ्या सैन्याचे सरसेनापतिपद मिळाले, त्यामागे त्यांना व्हाइटहॉलमधून दूर करण्याचाही हेतू असावा, असे मानण्यास जागा आहे. भांडण तिथेही संपले नाही. बेल्जियमच्या सीमेवरील काँक्रीटच्या बुरुजांचे काम मंद चालले आहे, अशी तक्रार मंत्र्यांनी केली. सेनाधिकारी खवळले, प्रकरण राजापर्यंत गेले आणि जानेवारी १९४० मध्ये होअर-बेलिशा यांनाच पद सोडावे लागले.

सरसेनापती म्हणून गॉर्ट कसे होते? त्यांच्या हाताखालील दोन कोअर कमांडर ॲलन ब्रूक आणि जॉन डिल हे दोघेही त्यांच्याहून अधिक अनुभवी मानले जात. ब्रूक यांच्या दृष्टीने गॉर्ट हे शूर, सरळ आणि निष्ठावान गृहस्थ होते. पण त्यांचे मन झाडांतच गुंतून पडे आणि रान त्यांना दिसत नसे. गस्तीच्या तुकडीने कोणती साधने घ्यावीत, हातबॉम्ब कसा फेकावा, यावर सरसेनापती तासन्‌तास बोलत. बटालियन कमांडर म्हणून हेच गुण अमोल ठरले होते. सुमारे ३ लाख ९० हजार माणसांच्या सैन्याच्या शिरावर बसलेल्या अधिकाऱ्याकडून मात्र वेगळी अपेक्षा असते. माँटगोमेरी यांचेही मत असेच होते, की ही जबाबदारी गॉर्ट यांच्या आवाक्याबाहेरची होती. हे दोघेही इतरांविषयी उदार मत देण्यासाठी प्रसिद्ध नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

त्या हिवाळ्यात गॉर्ट यांच्या सैन्यात भारतीयही होते. डिसेंबर १९३९ मध्ये मार्सेय बंदरावर रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या खेचरांच्या तुकड्या उतरल्या. ब्रिटिश सैन्य पूर्णतः मोटारींवर चालणारे म्हणून मिरवत होते. पण बर्फ आणि चिखलात मोटारी रुतल्या की पंजाबातून आलेले हे जवान आणि त्यांची खेचरेच रसद पोचवत. क्रिस्टोफर नोलन यांचा ‘डंकर्क’ चित्रपट २०१७ मध्ये आला तेव्हा त्यात हे जवान कुठेच नाहीत, म्हणून आपल्याकडे बरीच टीका झाली. टीका रास्तच होती. त्यांतले बहुसंख्य जवान ब्रिटनला पोचले, खेचरे मागे राहिली आणि एक तुकडी जर्मनांच्या हाती सापडली.

१० मे १९४० रोजी जर्मन हल्ला सुरू झाला. ठरल्याप्रमाणे ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा बेल्जियममध्ये डील नदीपर्यंत पुढे सरकल्या आणि नेमक्या सापळ्यात शिरल्या. जर्मन रणगाड्यांचा खरा लोंढा दक्षिणेकडे आर्देनच्या अरण्यातून येत होता. १३ मे रोजी त्यांनी सेदाँ येथे म्यूज नदी ओलांडली आणि २० मे रोजी ते आबव्हिलजवळ इंग्लिश खाडीला जाऊन भिडले. दोस्तांच्या उत्तरेकडील सर्व फौजांचा फ्रान्सशी संबंध तुटला. दहा दिवसांत एवढा मोठा घात होईल, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

या दहा दिवसांत गॉर्ट यांच्याकडूनही चुका झाल्या. युद्ध सुरू होताच ते मुख्य कचेरी आरासमध्ये ठेवून मोजक्या माणसांसह आघाडीवर निघून गेले; सेनापतीने सैनिकांजवळ असावे, हा त्यांचा जुना धर्म. परिणाम असा झाला, की कोणता कागद कुठे आहे हे दोन्ही ठिकाणी कुणाला कळेना. त्यातच १७ मे रोजी उजवी बगल उघडी पडल्यावर त्यांनी आपल्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख मेजर जनरल मेसन-मॅकफर्लेन यांनाच एका घाईत उभारलेल्या दलाचे नेतृत्व देऊन पाठवले. माहितीची सर्वाधिक गरज असताना माहिती गोळा करणारा विभागच बिनशेंड्याचा झाला. माँटगोमेरी किंवा ब्रूक यांनी ही चूक केली नसती.

पण एक गोष्ट त्यांना इतरांच्या आधी दिसली. १९ मे रोजीच पाउनॉल यांनी लंडनला दूरध्वनी करून समुद्रमार्गे माघार घ्यावी लागण्याची शक्यता बोलून दाखवली. लंडनमध्ये ही कल्पना अनेकांना पळपुटेपणाची वाटली. दुसऱ्याच दिवशी सेनाप्रमुख एडमंड आयर्नसाइड स्वतः गॉर्ट यांच्याकडे आले. त्यांच्या हाती मंत्रिमंडळाचा हुकूम होता, की सैन्याने नैर्ऋत्येला अमियाँकडे मुसंडी मारून फ्रेंचांशी पुन्हा हातमिळवणी करावी. गॉर्ट यांनी त्यांना शांतपणे सांगितले, की आपल्या नऊपैकी सात डिव्हिजन शेल्ट नदीवर शत्रूशी भिडलेल्या आहेत. त्या वळवल्या तर बेल्जियन सैन्याशी असलेला सांधा निखळेल आणि जर्मन त्यातून आत शिरतील. मोकळ्या असलेल्या दोन डिव्हिजनमधून निघालेल्या फौजेने २१ मे रोजी आरासजवळ छोटा हल्ला केला. रोमेल यांच्या डिव्हिजनला त्याने चांगलाच हादरा दिला. परंतु त्या हल्ल्यामागे जोर लावायला दुसरे काही नव्हते. तिकडे डोव्हरच्या किल्ल्यात व्हाइस ॲडमिरल बर्ट्रम रॅम्से यांनी मात्र जहाजांची जमवाजमव सुरू केली होती. पुढे हे पाच-सहा दिवस सोन्याच्या मोलाचे ठरले.

फ्रेंच बाजूला सरसेनापती बदलला होता. गामलँ गेले, वेगाँ आले. उत्तरेकडून ब्रिटिशांनी आणि दक्षिणेकडून फ्रेंचांनी एकाच वेळी हल्ला करून जर्मनांची लांबलेली मान कापायची, अशी त्यांची योजना. नकाशावर ती देखणी होती. २१ मे रोजी वेगाँ विमानाने येऊन ईप्रला दोस्त सेनानींना भेटले. गॉर्ट यांना निरोप वेळेवर मिळाला नाही आणि ते पोचले तेव्हा वेगाँ निघून गेले होते. योजना नीट समजलेले उत्तरेकडील फ्रेंच सेनापती बियोत त्याच रात्री मोटार अपघातात जबर जखमी झाले आणि दोन दिवसांत वारले. त्यांच्या जागी आलेल्या ब्लाँशार यांच्याकडे हल्ल्यासाठी प्रत्यक्ष सैन्य किती उरले आहे, हे दिवसागणिक घटत चाललेले उत्तर होते.

२५ मेच्या संध्याकाळी गॉर्ट यांच्यासमोर हे चित्र होते. करारानुसार ते फ्रेंच सेनापतींच्या हाताखाली होते. आपले सैन्य संकटात येईल असा हुकूम मिळाल्यास तो अमलात आणण्यापूर्वी लंडनकडे दाद मागण्याचा अधिकार त्यांना होता. दाद मागायची तर आणखी एक रात्र गेली असती. त्याच दिवशी माँटगोमेरी यांच्या तिसऱ्या डिव्हिजनच्या गस्ती तुकडीने एका जर्मन मोटारीवर गोळीबार केला होता. मोटारीतील अधिकारी निसटला, पण त्याची कागदपत्रांची पिशवी सापडली. ईप्र आणि कॉमिनच्या दरम्यान, ब्रिटिश आणि बेल्जियन यांच्या सांध्यावर जर्मन मोठा हल्ला करणार, हे त्या कागदांवरून स्पष्ट होत होते. कागद आधी आले की निर्णय आधी झाला, यावर अभ्यासकांमध्ये अजून मतभेद आहेत. काहीही असो, त्या कागदांनी निर्णयाला पुष्टी दिली. पाचवी डिव्हिजन कॉमिनच्या कालव्यावर जेमतेम वेळेत पोचली आणि पुढचे तीन दिवस तिने तिथे जीव तोडून झुंज दिली. २८ मे रोजी पहाटे बेल्जियमने शस्त्रे खाली ठेवली. त्या वेळी त्या डिव्हिजन दक्षिणेकडे गुंतल्या असत्या, तर ब्रिटिश सैन्याचे शब्दशः पानिपत झाले असते.

२६ मे रोजी लंडननेही किनाऱ्याकडे जाण्याची परवानगी दिली आणि संध्याकाळी सातच्या सुमारास ‘ऑपरेशन डायनामो’ सुरू झाले. दोन दिवसांत ४५ हजार माणसे निघाली तरी पुष्कळ, असा नौदलाचा अंदाज होता. २७ तारखेला तर अवघे ७,६६९ जण पोचले. डंकर्क बंदर बॉम्बवर्षावाने जळत होते, किनारा उथळ होता आणि मोठी जहाजे जवळ येऊ शकत नव्हती. किनाऱ्यावर नौदलाचे काम पाहणारे कॅप्टन विल्यम टेनंट यांनी बंदराच्या पूर्वेकडील लांबलचक लाटरोधक धक्क्याला जहाज लावून पाहिले. तो धक्का जहाजे लावण्यासाठी बांधलेलाच नव्हता. पण काम झाले. ३१ मे रोजी एका दिवसात ६८ हजारांहून अधिक सैनिक निघाले. कोळ्यांच्या होड्या आणि हौशी लोकांच्या नौका यांची कथा लोकप्रिय आहे आणि ती खोटीही नाही. तरी हिशेब पाहिला तर सुमारे २ लाख ३९ हजार माणसे बंदरातून आणि सुमारे ९८ हजार थेट वाळूच्या किनाऱ्यावरून निघाली. खरे ओझे नौदलाच्या विनाशिकांनी आणि प्रवासी बोटींनी वाहिले. सहा ब्रिटिश विनाशिका बुडाल्या. लहान-मोठी मिळून दोनशेहून अधिक जहाजे गेली.

दैवाचाही हात होताच. २४ मे रोजी हिटलरने रणगाडे कालव्याच्या रेषेवर थांबवले आणि २६ तारखेपर्यंत ते थांबून राहिले. का थांबवले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. समुद्र बव्हंशी शांत राहिला. कॅलेत ब्रिगेडियर निकल्सन यांची तुकडी २६ मेपर्यंत लढली; तिला सोडवायला जहाज पाठवायचे नाही, असे ठरले होते. लीलमध्ये वेढले गेलेले सुमारे ३५ हजार फ्रेंच सैनिक ३१ मेपर्यंत कित्येक जर्मन डिव्हिजन अडवून होते. ल पॅरादी आणि वोर्महूट या गावांत शरण आलेल्या ब्रिटिश सैनिकांना एसएसच्या जवानांनी रांगेत उभे करून किंवा कोठारात कोंडून ठार मारले. डंकर्कच्या यशाचा हिशेब मांडताना ही नावे कोणत्या रकान्यात घालायची?

फ्रेंचांच्या रागाला आधार होता. गॉर्ट समुद्राकडे निघाले आहेत, हे ब्लाँशार यांना नीट कळायलाही वेळ लागला. त्यांचा समज असा, की किनाऱ्याभोवती शेवटपर्यंत लढण्यासाठी मोर्चा बांधायचा आहे. ३१ मे रोजी चर्चिल पॅरिसला गेले, तेव्हा निघालेल्या १ लाख ६५ हजारांत फ्रेंच फक्त १५ हजार होते. त्यानंतर चर्चिल यांनी समान वाटा देण्याचे मान्य केले आणि अखेरच्या रात्री मुख्यतः फ्रेंचांना नेण्यात आले. एकूण सव्वा लाखाच्या आसपास फ्रेंच सैनिक निघाले. पण ४ जूनला सकाळी बंदर पडले तेव्हा सुमारे ४० हजार फ्रेंच तिथेच कैद झाले, आणि त्यांतल्या अनेकांनी ब्रिटिशांची पाठ सांभाळली होती. इंग्लंडला पोचलेल्यांपैकी बहुतेकांना लगेच फ्रान्सला परत धाडण्यात आले आणि काही आठवड्यांत तेही कैदेत गेले. फ्रेंच घरांतून डंकर्क वेगळे दिसते, यात नवल नाही.

मग निवाडा काय करायचा? मोहीम म्हणून पाहिले तर तो धडधडीत पराभव होता. ब्रिटिश सैन्याची जीवितहानी, जखमी आणि कैदी मिळून संपूर्ण मोहिमेत ६८ हजारांवर गेली. सुमारे २,५०० तोफा, सुमारे ६४ हजार मोटारगाड्या, २० हजारांहून अधिक मोटारसायकली आणि जवळजवळ सगळे रणगाडे फ्रान्समध्ये राहिले. ४ जूनला संसदेत चर्चिल यांनीच बजावले, की सुटकेला विजय समजण्याची चूक करू नका, माघारीने युद्धे जिंकली जात नाहीत. त्यांच्या भाषणातला हा भाग लोक विसरतात आणि किनाऱ्यांवर लढण्याचा भाग तेवढा लक्षात ठेवतात.

पण माघारीचे मोजमाप मोहिमेच्या फूटपट्टीने करणे हाच घोटाळा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मोहीम २५ मेपूर्वीच हरली होती, आणि तीही मुख्यतः सेदाँजवळ, गॉर्ट यांच्या आघाडीपासून दूर. त्या संध्याकाळी जिंकणे हा पर्याय शिल्लकच नव्हता. प्रश्न एवढाच होता, की सैन्य वाचवायचे की देखण्या योजनेच्या अब्रूखातर घालवायचे. तोफा पुन्हा ओतता येतात. ब्रिटनजवळ प्रशिक्षित सैन्य असे एवढेच होते, आणि पुढच्या सेना ज्यांच्याभोवती उभ्या राहिल्या ते ब्रूक, अलेक्झांडर, माँटगोमेरी, हॉरॉक्स हे सारे त्याच किनाऱ्यावर होते. शिवाय २६ ते २८ मे या तीन दिवसांत लंडनच्या युद्धमंत्रिमंडळात, इटलीच्या मध्यस्थीने तहाची शक्यता चाचपावी की नाही, यावर हॅलिफॅक्स आणि चर्चिल यांच्यात खडाजंगी चालू होती. अडीच लाख ब्रिटिश सैनिक जर्मन छावण्यांत असते, तर त्या वादाचा नंतरच्या आठवड्यांतला शेवट कोणता झाला असता, याची कल्पना करवत नाही. फ्रेंचांना अंधारात ठेवल्याचा डाग मात्र या बाजूने कितीही युक्तिवाद केला तरी धुऊन निघत नाही. गॉर्ट यांनी २५ तारखेलाच ब्लाँशार यांना मोकळेपणाने सांगितले असते, तर कदाचित लीलमधले ते ३५ हजार लवकर निघू शकले असते.

गॉर्ट यांना स्वतःला अखेरपर्यंत तिथेच थांबायचे होते. सरसेनापती कैद झाला तर शत्रूला मिरवायला मोठी लूट मिळेल, म्हणून चर्चिल यांनी त्यांना परतण्याचा लेखी हुकूमच दिला. ३१ मे रोजी त्यांनी सूत्रे अलेक्झांडर यांच्याकडे दिली आणि रात्रीच्या अंधारात ते निघाले. इंग्लंडमध्ये स्वागत झाले, पण रणांगणावरचे सेनापतिपद त्यांना पुन्हा कधीच मिळाले नाही. प्रशिक्षणाचे महानिरीक्षक हे नावाचे मोठे पद देऊन त्यांना गप्प बसवण्यात आले. मोहिमेचा त्यांचा अहवालही सरकारने ऑक्टोबर १९४१ पर्यंत प्रसिद्ध केला नाही. त्याच वर्षी त्यांचा मुलगा वारला. बोलून दाखवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्या काळातील त्यांच्या मनःस्थितीची कल्पना आपणच करायची.

१९४१ मध्ये त्यांना जिब्राल्टरचे गव्हर्नर करण्यात आले. बाजूला सारलेल्या सेनापतीला देण्याजोगी जागा, अशीच तिची ओळख. पण गॉर्ट यांनी तिथली धावपट्टी समुद्रात भर घालून वाढवण्याचा आग्रह धरला आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतील दोस्तांच्या मोहिमेला तीच धावपट्टी उपयोगी पडली. त्याआधी, ७ मे १९४२ रोजी, ते माल्टाचे गव्हर्नर म्हणून दाखल झाले होते. बेट बॉम्बहल्ल्यांनी खिळखिळे झाले होते आणि अन्नसाठ्यावरून शरणागतीची तारीख गुप्तपणे मोजली जात होती. गॉर्ट यांनी रेशन स्वतःसकट सर्वांना सारखे लावले. पेट्रोल वाचवण्यासाठी गव्हर्नर सायकलवरून हिंडू लागले. इंधनाला लागलेली आग विझवताना त्यांचे हात भाजले. ऑगस्टमध्ये मोडकळलेले ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज बंदरात ओढून आणले गेले आणि बेट तगले. १३ सप्टेंबर १९४२ रोजी व्हॅलेटाच्या चौकात, भग्न इमारतींच्या साक्षीने, माल्टाच्या जनतेला राजाने दिलेला जॉर्ज क्रॉस त्यांच्या हस्ते अर्पण झाला. डंकर्कला ज्यांनी त्यांना माघारीचा सेनापती ठरवले होते, त्यांना इथे एक इंचही न हटणारा गॉर्ट दिसला. जानेवारी १९४३ मध्ये ते फील्ड मार्शल झाले.

१९४४ मध्ये ते पॅलेस्टाइनचे उच्चायुक्त झाले. ज्यू आणि अरब दोघांच्याही विश्वासाला पात्र ठरलेले असे अधिकारी तिथे फार झाले नाहीत. जेरुसलेमच्या रस्त्यांवरून ते पहारेकऱ्यांशिवाय पायी फिरत. मात्र शरीर आतून पोखरले जात होते. नोव्हेंबर १९४५ मध्ये त्यांना पद सोडून लंडनला परतावे लागले. यकृताचा कर्करोग झाल्याचे उघड झाले. ३१ मार्च १९४६ रोजी गाइज हॉस्पिटलमध्ये ५९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मुलगी जॅकलिन यांचे पती विल्यम सिडनी हेही ग्रेनेडियर गार्ड्सचेच. १९४४ मध्ये इटलीतील अँझियोच्या लढाईत त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. तो देण्याच्या वेळी रिबन सासऱ्यांच्या जुन्या गणवेशावरून काढलेली होती, आणि ती छातीवर लावणारे सेनापती होते अलेक्झांडर. गॉर्ट यांना केंटमधील पेन्सहर्स्टच्या चर्चमध्ये, जावयाच्या घराण्याच्या तळघरात, चिरविश्रांती देण्यात आली.